तेवढी मुलगी बघून ये

विशाखापट्टणम
२ नोव्हेंबर १९८३

प्रिय मालन,

तुझं दसऱ्याचं पत्र काल बंदरात मिळालं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसनं ते आठवडाभर ठेवून घेतलं होतं. तुझ्या शिवणवर्गात मुली बावीस आणि मशिनी सहाच, हे वाचून हसू आलं. आमच्या इंजिनरूममध्ये उलटं आहे. मशिनी ढीगभर, आणि बिघडलं की सगळे मलाच हाक मारतात, 'फिटर कुठं गेला?'

आता कामाचं. आईनं माझ्यासाठी स्थळ बघितलंय. गणपतीपुळ्याला देवळाकडं जाताना आत्माराम सुर्व्यांची खानावळ लागते, त्यांची मुलगी. नाव गोदावरी. आपल्या भिकाजीभाऊंनी सुचवलंय. आई म्हणते मुलगी लाखात एक, पण आईला आजवर दाखवलेली प्रत्येक मुलगी लाखात एकच वाटलीय. फोटो पाठवलाय, त्यात मुलगी फोटोवाल्यावर रागावल्यासारखी दिसते. मला सुट्टी मिळायला अजून वर्षभर आहे आणि ते लोक तोवर थांबणार नाहीत. हो की नाही ते आधी कळवायला हवं.

तू एकदा जाऊन तेवढी मुलगी बघून ये. कुणाला सांगू नकोस. दर्शनाला म्हणून जा, त्यांच्याकडं जेव, तिच्याशी चार शब्द बोल. जयगडात आपली घरं एका दगडी गडग्याला लागून, तुझी पारख मला लहानपणापासून ठाऊक आहे. खेकड्याच्या कुठल्या बिळात हात घालायचा आणि कुठल्यात नाही हे तूच सांगायचीस. एकदा ऐकलं नाही तर बोट फुटलं होतं. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

तुझ्या आईला, यमुनाकाकींना नमस्कार.

तुझा
हरी

*

रत्नागिरी
२३ नोव्हेंबर १९८३

हरी,

तुझं पत्र मिळालं. रविवारी जाऊन आले.

मुलगी दिसायला चांगली आहे. उंच, सावळी. हसते तेव्हा सगळी खानावळ ऐकते. हाताला चव आहे. गर्दी होती, तरी मी एकटी बसलेय हे बघून ती आपणहून जवळ आली. 'ताई, एकट्याच आलात? रत्नागिरीहून?' असं विचारून दुसऱ्यांदा सोलकढी ओतून गेली. नाही म्हटलं तरी ओतलीच. बाप शांत माणूस आहे. घर स्वच्छ आहे.

पुढचं लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. तू माझ्यावर सोपवलंस म्हणून लिहिते. तिचं मन दुसरीकडं आहे. दुपारच्या गाडीचा कंडक्टर तिथं जेवतो. तो निघाला तेव्हा ती त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावत गेली. मी डोळ्यांनी बघितलं. बाहेर फुलवाल्या बाया बसतात, त्यातल्या एकीला सहज विचारलं तर ती म्हणाली, 'बाय, साऱ्या गावास ठावं हाय, बापास तेवढं नाय.'

कुणाच्या मुलीबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तू वर्षवर्षभर पाण्यावर असणार आणि घरी अशी बायको, हे मला बघवणार नाही. बाकी तुझं तू ठरव.

तुझ्या आईची काळजी करू नकोस, आनंदीकाकींचा गुडघा बरा आहे. दर शनिवारी जयगडला गेले की त्यांच्याकडं डोकावते.

मालन

*

रॉटरडॅम
९ जानेवारी १९८४

प्रिय मालन,

तुझं पत्र इथं येऊन पडलं होतं. वाचून वाईट वाटलं. फोटोतल्या त्या रागीट चेहऱ्याची मला थोडी सवय झाली होती. पण जिचं मन दुसरीकडं आहे तिला आणून मी तरी काय करणार?

आईला नकार कळवला. ती कारण विचारल्याशिवाय राहणार नाही म्हणून कारणही लिहिलं. तुझं नाव घातलं नाही, तू निर्धास्त राहा. मुलीच्या घरी काही बोलू नकोस असं आईला बजावलंय.

तू नसतीस तर मी फसलो असतो. तुझे उपकार कसे फेडू?

थंडी इतकी आहे की डेकवर दोर कडक होऊन काठीसारखे उभे राहतात.

तुझा
हरी

*

रत्नागिरी
१२ फेब्रुवारी १९८४

हरी,

उपकार वगैरे लिहू नकोस. मला आवडत नाही.

काल जयगडला गेले होते. आनंदीकाकी तुझ्या लग्नाचंच बोलत होत्या. त्या म्हणाल्या, आता मुलगी कुठून शोधायची? पण मला वाटतं, मुली लांबून शोधायच्या कशाला? अनोळखी घरातली मुलगी आणायची, तिला तुझ्या घरच्या रीती शिकवायच्या, तुझ्या आईचा स्वभाव समजावून सांगायचा. त्यापेक्षा जिला हे सगळं आधीच ठाऊक आहे अशी कुणी जवळपास असेल तर तिकडं बघावं माणसानं.

माझ्यासाठी चिपळूणहून एक स्थळ आलं होतं. आईच्या फार मनात होतं. मी परत पाठवायला लावलं. का ते विचारू नकोस. तुला न विचारता कळेल असं वाटतं.

मालन

*

मोंबासा
३० एप्रिल १९८४

प्रिय मालन,

पत्र मिळालं. सगळं वाचलं.

इथं उकाडा फार. जनरेटरनं दहा दिवस छळलं. आमचा चीफ इंजिनियर बदलला, नवा माणूस केरळचा आहे, बरा वाटतो. तुझ्यासाठी रॉटरडॅमला मशिनीच्या सुयांची दोन पाकिटं घेतली होती. मुंबईला उतरणाऱ्या एका गुहागरवाल्याबरोबर पाठवलीत, तो पोचवील.

यमुनाकाकींचं ऐकत जा. चिपळूणचं स्थळ चांगलं असेल तर विचार कर.

तुझा
हरी

*

रत्नागिरी
८ जुलै १९८४

हरी,

एप्रिलच्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सुया मिळाल्या. आज वेगळ्याच कारणानं लिहायला बसलेय.

जूनमध्ये वर्गाची नवी नावं घेत होते. एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. 'गोदावरी आत्माराम सुर्वे.' मी मान वर केली तर ती हसली. म्हणाली, 'बाई, तुम्ही आमच्याकडं जेवून गेलात ना? सोलकढी नको नको म्हणत होतात.' मी म्हटलं, असेन. नाव लिहिताना माझी दोनदा खाडाखोड झाली.

ती आता इथं रत्नागिरीत मामीकडं राहते. पहिले आठ दिवस मी तिच्याकडं बघायचंच टाळलं. तिला ते कळलं नाही. ती सगळ्यांत आधी येते, मशिनी पुसून ठेवते. हात हुशार आहे, एकदा दाखवलं की पुरे. परवा बाकीच्या मुली गेल्यावर ती काजं करत बसली होती, तेव्हा आपणहूनच बोलायला लागली.

'बाई, मला शिवणाची हौस आहे म्हणून आले असं नाही. घरी बसवत नव्हतं. जयगडचं एक स्थळ आलं होतं, बोटीवरचा मुलगा. त्यांनी नाही म्हटलं. त्याचं काही नाही. पण त्यांना कुणी तरी भलतंच सांगितलं, आणि त्यांच्या आईनं ते भिकाजीभाऊंना सांगितलं. मग गुहागरचं आलं होतं, ते ठरल्यातच जमा होतं. तेपण ऐकून मागं फिरलं. आता बाबा मला पुढं वाढायला येऊ देत नाहीत. मी आत भाकऱ्या थापते.'

मी विचारलं, काय सांगितलं त्यांना?

'कंडक्टरबद्दल.' असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'बाई, तो पन्नाशीचा माणूस. चष्मा विसरून चालला होता, तो द्यायला मी धावले. एवढंच. त्याच्या मुलीचं लग्न झालंय.'

हरी, मला वाटतं त्या फुलवालीनं मला चुकीचं सांगितलं असावं. तसं असेल तर मुलीवर उगाच आळ आलाय. तू आनंदीकाकींना आणि भिकाजीभाऊंना लिही, की ती खबर चुकीची होती. कुणाकडून कळली ते लिहू नकोस. तेवढं केलंस तर पुष्कळ होईल.

मालन

*

सिंगापूर
२६ ऑगस्ट १९८४

प्रिय मालन,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. आईला मी बजावलं होतं, तरी ती बोलली. ती माझी चूक, कारण लिहायलाच नको होतं.

पण नुसतं 'खबर चुकीची होती' म्हणून कोण मानेल? लोक म्हणतील आता सारवासारव करतायत. ज्या बाईनं हे पसरवलं तिनंच गावापुढं सांगितलं पाहिजे. तू मला त्या फुलवालीचं नाव कळव. देवळाबाहेर चारपाचच बाया बसतात. मी भिकाजीभाऊंना लिहिलंय, ते जाऊन तिला सगळ्यांसमोर जाब विचारतील. असल्या बाईला तिथं बसूसुद्धा देता कामा नये.

नाव लगेच कळव.

हरी

*

रत्नागिरी
१६ सप्टेंबर १९८४

हरी,

फुलवाली कुणी नाही. त्या दिवशी मी कुठल्याच फुलवालीशी बोलले नाही. फुलंसुद्धा घेतली नाहीत. भिकाजीभाऊंना मी थांबवलंय. ते त्या बायांकडं जायच्या आधी मी त्यांच्याकडं गेले.

ते वाक्य मी माझ्या खोलीत बसून रचलं. गावची बाई कशी बोलेल याचा विचार करून रचलं, दोनदा खोडून नीट केलं. चष्मा मी बघितला होता. गोदानं त्या माणसाला चष्मा दिला, तो म्हणाला, 'पोरी, तू नसतीस तर आज तिकिटं फाडली नसती.' हे मी ऐकलं होतं. तुला लिहिताना चष्मा तेवढा वगळला.

कारण तू विचारशील. मला ती आवडली, हे कारण. जेवून उठले तेव्हा मला खात्री झाली होती की तुला हीच मुलगी हवी. परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली होती तरी मी अर्ध्या वाटेपर्यंत उभीच होते, एवढं मला सुचत नव्हतं. मला वाटत होतं तू एक दिवस माझ्याकडं बघशील. किती वर्षं वाटत होतं ते लिहीत नाही. तुझ्याकडून मला कधी तसा शब्द मिळाला नव्हता, तेव्हा तुझा यात काही दोष नाही.

जुलैचं पत्रही खोटंच होतं. खोटं निस्तरायला आणखी एक खोटं, आणि तेसुद्धा एका गरीब बाईच्या माथी. तुझं उत्तर आलं तेव्हा मला कळलं की आणखी चार दिवसांनी भिकाजीभाऊ जाऊन कुणाला तरी उठवणार. मग बसवलं नाही.

गेल्या रविवारी पुळ्याला गेले. गोदा गणपतीपासून घरीच होती. तिच्या वडलांपुढं आणि तिच्यापुढं सगळं सांगितलं. तुझ्या नावासकट, माझ्या नावासकट. गोदा चुलीपाशी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, 'बाई, मी तुम्हाला काय केलं होतं?' मी मान खाली घालून बसले.

मग आत्मारामभाऊ म्हणाले, 'हे माझ्यापुढं बोललात. पण माझी खात्री होतीच. ज्यांची नाय त्यांच्यापुढं येऊन बोला.' म्हटलं, येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जयगडहून होडीनं खाडी ओलांडून पलीकडं तवसाळला उतरलो आणि पुढं एस्टीनं गुहागरला गेलो. होडीत ते एका टोकाला, मी दुसऱ्या. सगळ्या वाटेत ते माझ्याशी एकदाच बोलले. तिकिटाला सुटे पैसे आहेत का, एवढंच. गुहागरच्या त्या घरी दादू विलणकर म्हणून वडीलधारे आहेत, सुपारीची बाग आहे. त्यांच्या ओसरीवर सात-आठ माणसं होती. आत्मारामभाऊ म्हणाले, 'ही बाई काय सांगते ते ऐका,' आणि खांबाला टेकून बसले. मी सांगितलं. कुणीतरी विचारलं, 'तुला यातनं काय मिळायचं होतं?' तेही सांगितलं. आतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, 'शिकलेली गो ही!' दादूभाऊंनी विचारलं, 'लिहून देशील?' त्यांच्या नातवाच्या वहीचं पान फाडून मी लिहून दिलं आणि सही केली.

परतताना आनंदीकाकींकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं नाही. शेवटी म्हणाल्या, 'मालन, आता शनिवारी इकडं येऊ नकोस.'

माझ्या आईला मी सांगायच्या आत गडग्यापलीकडून कळलं होतं.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तुझ्याकडं मागण्याआधी ज्यांच्याकडं मागायची होती त्यांनी अजून दिलेली नाही.

मालन

*

कांडला
१८ नोव्हेंबर १९८४

मालन,

तुझं पत्र तीन बंदरं हिंडून इथं मिळालं. राग आला. तुला काय काय लिहायचं ते मनात ठरवत होतो. मग लिहायला बसलो, आणि तुझ्या पत्रातली एक ओळ आडवी आली. तुझा यात दोष नाही, असं तू लिहिलंयस.

सत्त्याहत्तर साली मी पहिल्यांदा बोटीवर निघालो तेव्हा तू जयगडच्या धक्क्यावर आली होतीस. 'परत ये, मी वाट बघीन,' म्हणालीस. मी म्हणालो, 'आईकडं लक्ष ठेव.' तुला वाटलं असेल याला कळलं नाही. मला कळलं होतं. त्यानंतरही दर वेळी कळलं. तुझी ती फेब्रुवारीची चिठ्ठी वाचून मी जनरेटरच्या गप्पा लिहिल्या, तेव्हाही कळलं होतं.

बोटीवर टपाल येतं तेव्हा लग्न झालेल्यांना बायकांची पत्रं येतात. मला तुझं यायचं. कुणी विचारलं, 'घरचं?' तर मी 'हो' म्हणायचो. मालन, मला तुझी पत्रं हवी होती, तू नको होतीस. हे असं लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तू एवढं लिहिलंस तर मी तरी आता का लपवू? सरळ सांगितलं असतं तर पत्रं बंद झाली असती, म्हणून सांगितलं नाही. गोदाला बघायला तुलाच पाठवलं ते काही तुझ्या पारखीसाठी नव्हे. माझ्या तोंडानं न सांगता तुला कळावं म्हणून. मी फार हुशारी केली असं तेव्हा मला वाटलं होतं.

तू केलंस ते वाईटच. पण तुला त्या दारात मी नेऊन उभं केलं.

जानेवारीत सुट्टीवर येतोय. पुळ्याला स्वतः जाणार आहे. गोदाची माफी मागून तिला सरळ विचारणार आहे.

हरी

*

रत्नागिरी
९ डिसेंबर १९८४

हरी,

पत्र मिळालं. 'तू नको होतीस' हे वाक्य वाचलं. इतक्या वर्षांत कुणीतरी नीट सांगितलं, म्हणून आधी बरंच वाटलं. वाईट नंतर वाटलं.

तू पुळ्याला जा. जाण्याआधी एक सांगते. गेल्या महिन्यात गोदा वर्गात परत आली. तोपर्यंत पाच मुलींनी नाव काढून घेतलं होतं. ती दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, 'बाई, परीक्षा मार्चमध्ये आहे. मला शिवण शिकायचंय. तुमच्याशी बोलायचं नाही.' मी म्हटलं, बस. तेव्हापासून ती कापडाबद्दल विचारते तेवढंच. गळा कसा बेतायचा, बाही कुठं सैल सोडायची. मीही तेवढंच सांगते.

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुझ्यासाठी मी ते विचारणारही नाही.

मालन

*

जयगड
२७ जानेवारी १९८५

मालन,

रत्नागिरीला येऊन भेटावं असं दोनदा मनात आलं. स्टँडपर्यंत जाऊन परत फिरलो. म्हणून पत्र.

पुळ्याला जाऊन आलो. आत्मारामभाऊंनी बस म्हटलं, पाणी दिलं. गोदा शनिवारची घरी आली होती. मी माफी मागितली. मग तिला विचारलं. ती फोटोतल्यासारखी दिसत नाही, त्यापेक्षा पुष्कळ चांगली दिसते.

ती म्हणाली, 'तुम्ही बोटीवर होतात, येता आलं नसतं, हे कळतं. पण मला एक कार्ड टाकता आलं असतं. खरं काय ते मला विचारता आलं असतं. बाईंनी खोटं लिहिलं, पण तुम्ही ते वाचून लगेच मानलंत. पुढंही कुणीतरी काहीतरी लिहील. तुम्ही वर्षभर पाण्यावर, आणि मी इथं बसून प्रत्येक वेळी खुलासा करत राहू?'

मी म्हटलं, आता तसं होणार नाही. ती म्हणाली, 'नको.' आवाज चढवला नाही. गुहागरवाले पुन्हा विचारायला आले होते, आणि त्या मुलानं आधी तिचीच माफी मागितली म्हणे. वैशाखात लग्न आहे. मी चहा संपवला आणि उठलो.

आईला सगळं सांगितलं. काल म्हणाली, 'झालं ते झालं. मालनला तरी दुसरं कोण आहे? आणि तुला तरी आता कोण देतंय?' मी विचार केला. तुला माझं सगळं ठाऊक आहे, मला तुझं. एकमेकांपासून लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. तुझ्यावर एवढं बोलणं आलं त्यात माझा वाटा आहे, त्याची भरपाईही होईल. तुझी तयारी असेल तर मला चालेल. मार्चच्या अखेरीस बोट धरायची आहे. त्याआधी उरकून घेता येईल.

यमुनाकाकींशी आई बोलेल. तू तेवढं कळव.

हरी

*

रत्नागिरी
२ फेब्रुवारी १९८५

हरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. आनंद झाला म्हणून. ते लपवत नाही. त्या आनंदाची मला जेवढी लाज वाटली तेवढी गुहागरच्या ओसरीवरसुद्धा वाटली नव्हती. म्हणजे गोदानं नाही म्हटल्याचं वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, ते मला कळलं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'चालेल' हा शब्द दिसला. कापड कमी पडलं तर आपण बाहीला जोड देतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, चालेल ना? ती म्हणते, चालेल. मी रोज ऐकते तो शब्द. तू चांगल्या मनानं लिहिलंयस, मला ठाऊक आहे. तू माझी भरपाई करायला निघालायस. पण मग मला रोज सकाळी उठून तुझ्या तोंडाकडं बघावं लागेल, आज याला चालतंय की नाही म्हणून. आणि तू बोटीवर गेलास की टपालाची वाट बघत मी पुन्हा तीच मालन होईन. तिच्याकडून काय घडू शकतं ते मी बघितलंय.

माझी तयारी नाही. आनंदीकाकींना आजच सांग, म्हणजे त्या आईकडं यायच्या नाहीत. आईला मी सांगितलंय. ती रडली, रागावली, मग म्हणाली, जेवून घे.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू लांब होतास म्हणून मला आवडत होतास की काय, अशी शंका आता येते. पत्रात माणूस बरा दिसतो. पण धक्क्यावरचं ते खरं होतं, त्याआधीचंही खरं होतं. ते खोटं होतं असं मी कधी म्हणणार नाही. फक्त ते माझं एकटीचं होतं, आणि मी त्याची किंमत दुसरीला मोजायला लावली. त्याची लाज राहील. राहू दे.

पत्रं मात्र आता नकोत. बोटीवर कुणी विचारलं तर आईचं पत्र आलंय असं सांगत जा. आनंदीकाकींना लिहिता येत नाही. त्यांच्या शेजारच्या चिमाला येतं. ती सातवीत आहे, अक्षर चांगलं आहे. तिला जाण्याआधी वर्षभर पुरतील एवढी आंतरदेशीय पत्रं आणून दे, ती लिहून देईल. काकींना डाव्या डोळ्यानं हल्ली दिसत नाही. त्या कुणाला सांगत नाहीत. सुट्टी संपायच्या आत रत्नागिरीला आणून दाखव.

गोदाची परीक्षा दोन मार्चला आहे. ती पहिली येईल. अजूनही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल मी तिच्या बेतलेल्या कापडावरून खडूची एक रेघ पुसली आणि अर्धा इंच आत घेतली. तिनं बघितलं आणि म्हणाली, 'बरोबर आहे.' तेवढंच.

माझं दुसरं काही मागणं नाही. सोमवारी परीक्षेला बसणाऱ्या मुलींची नावं पाठवायची आहेत, मशिनींना तेल घालायचं आहे. इथंच थांबते.

मालन